भूत पेप्सीच्या यंत्रात शिरतं

सिनेमाने शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'ला पहिल्यांदा हात लावला तो १९०० साली, पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात. हॅम्लेट होती सारा बर्नार. होय, 'होती'. वय पंचावन्नच्या पुढे, नाव जगभर गाजलेलं, आणि कमरेला तलवार. चित्रपटाची लांबी जेमतेम दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांत दाखवलं काय, तर शेवटची तलवारबाजी. चार हजारांच्या आसपास ओळींचं नाटक, त्यातल्या दीड हजारांच्या घरात ओळी एकट्या हॅम्लेटच्या तोंडी, जगण्यामरण्याचा खल, आईशी भांडण, कवटीशी गप्पा, हे सगळं बाजूला सारून सिनेमाने नेमकी मारामारी उचलली. बाळाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात ते असे.

नंतर या बाळाने जे काही केलं त्याला तोड नाही. १९२१ साली जर्मनीत आस्टा नील्सनने हॅम्लेट केला. त्यात हॅम्लेट मुळात मुलगीच असते, गादीला वारस हवा म्हणून मुलगा म्हणून वाढवलेली. आपल्याकडे सोहराब मोदींनी १९३५ साली 'खून का खून' काढला. नावातच दोनदा खून घालून त्यांनी कथानकाची गुप्तता पोस्टरवरच संपवली. १९५४ साली किशोर साहूंनी पुन्हा 'हॅम्लेट' केला. १९८७ साली फिनलंडच्या आकी कौरिस्माकीने राजपुत्राला कारखानदाराचा मुलगा केलं, आणि त्याच्या सावत्र बापाला रबरी बदकांच्या धंद्यात उतरण्याची स्वप्नं दिली. गादी, सूड, विष आणि रबरी बदकं. शेक्सपिअरला हे सुचलं नव्हतं एवढंच म्हणता येईल.

एवढं सगळं पडद्यावर आयतं मिळत असताना छापील नाटक घेऊन बसणारे लोकही आहेत. त्यांच्यातलाच मी एक. आमच्या जमातीची खूण सोपी आहे. कुणी सिनेमाचं कौतुक करायला लागलं की आम्ही मान जराशी तिरकी करून "हं, पण मुळात..." एवढंच म्हणतो आणि वाक्य सोडून देतो. पुढचं वाक्य आमच्याकडे नसतं. पण समोरच्याच्या पॉपकॉर्नची चव जाते.

आता मूळ म्हणजे काय, तेही एकदा पाहू. नाटक वाचणं म्हणजे दुसऱ्याच्या पत्त्यावर आलेलं पत्र वाचणं. हे पत्र रिचर्ड बर्बेज नावाच्या नटासाठी आणि त्याच्या कंपनीसाठी लिहिलं होतं. त्यांना सगळं ठाऊक होतं: कोण कुठून येणार, भूत कुठल्या फटीतून वर निघणार, कुणाचा आवाज बसलाय. म्हणून लेखकाने काहीच लिहून ठेवलेलं नाही. मराठी नाटककार कसा, पडदा वर जाण्याआधीच दीड पान दिवाणखाना रंगवतो. उजवीकडे स्वयंपाकघराचं दार, डावीकडे कोच, भिंतीवर आजोबांचा फोटो, फोन कुठे, खिडकीतून काय दिसतं, सगळं. शेक्सपिअरच्या पात्रांना बसायला खुर्ची आहे की नाही हेही कळत नाही. माणसं येतात, दीडशे ओळी बोलतात, जातात. मेली तर 'मरतो' असा एक शब्द.

त्यातही कुठलं मूळ, हा घोळ आहेच. १६०३ साली एक आवृत्ती निघाली, आखूड आणि धेडगुजरी. तिच्यात पोलोनियसचं नाव चक्क कोरांबिस आहे. पुढच्याच एकदोन वर्षांत दुसरी निघाली, जवळपास दुप्पट जाड. मग १६२३ साली, लेखक वारल्यावर सात वर्षांनी, त्याच्या सोबतच्या नटांनी जवळजवळ सगळी नाटकं एकत्र छापली, त्यात तिसरी. आपल्या हातात येतं ते या तिघांचं संपादकांनी जमवलेलं कडबोळं. पण या जुन्या प्रतींत अशा काही जागा आहेत की सिनेमावाल्यांची दातखीळ बसावी. आखूड प्रतीत भुताचे कपडे लिहिलेले आहेत. पहिल्या अंकात ते तटावर येतं ते चिलखत घालून, रीतसर. पुढे राणीच्या खोलीत येतं तेव्हा मात्र अंगात रात्रीचा झगा. मेलेला माणूसही बायकोच्या खोलीत जाताना चिलखत उतरवून ठेवतो, हे वाचून मला त्या भुताबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली. आणि १६२३च्या प्रतीत हॅम्लेट आपलं ते सुप्रसिद्ध शेवटचं वाक्य बोलून झाल्यावर चार 'ओ' छापलेत. जगातल्या सगळ्यात बोलक्या राजपुत्राचे शेवटचे उद्गार म्हणजे चार ओकार. पुढच्या बहुतेक संपादकांनी ते गुपचूप गाळले. मला विचाराल तर बर्बेज ते काढायचा तेव्हा थिएटरात टाचणी पडली तरी ऐकू येत असेल. नाहीतर शिट्ट्या पडत असतील. दोन्हींतलं काय, हे छापील पानावरून कळत नाही, आणि तीच तर गंमत.

माझी प्रत अप्पा बळवंत चौकातली, वापरलेली. आधीच्या मालकाला किंवा मालकिणीला ती परीक्षेला होती. प्रत्येक पानावर दोन इंच नाटक आणि सहा इंच टिपा, आणि उरलेल्या समासात शिसपेन्सिलीने मराठीत त्यांचं स्वतःचं भाष्य. भूत येतं तिथे 'इंपॉर्टंट'. हॅम्लेट वेडाचं सोंग घ्यायचं ठरवतो तिथे 'खरा वेडा की नाटकी? दहा मार्क'. ओफेलियाला तो मठात जा म्हणून हाकलतो तिथे काहीच नाही, नुसती रागाने मारलेली उभी रेघ, कागद फाटेपर्यंत. चौथ्या अंकापासून पेन्सिल थांबते. एकतर सिलॅबस संपला असावा, नाहीतर सिनेमा पाहिला असावा.

वाचताना नाटक उभं करण्याची जबाबदारी आपली असते, आणि आपलं बजेट तुटपुंजं. एल्सिनोर म्हणजे डेन्मार्कमधलं हेल्सिंगर. तिथला क्रोनबोर्ग किल्ला खरोखरचा आहे, समुद्राच्या काठावर, आणि समोर चारेक किलोमीटरवर स्वीडन. मी काही तो पाहिलेला नाही. त्यामुळे माझं भूत सिंधुदुर्गाच्या तटावर फिरतं. पहारेकरी थंडीने कुडकुडतायत असं पहिल्याच पानावर लिहिलंय. मी ते मे महिन्यात पंखा पाचवर ठेवून वाचतो, आणि पहारेकऱ्यांना मालवणचा घाम फुटतो. पात्रयोजनाही घरगुतीच. पोलोनियस माझ्याकडे कित्येक वर्षं मोठे मामा करतात. मुलगा परदेशी निघाला की त्याला बोटीवर चढू न देता उपदेश करत राहणं, उसने घेऊ नको, देऊ नको, कपडे चांगले घाल पण भडक नको; मामांना त्यासाठी तालीम लागली नाही.

याच पोलोनियसचा एक प्रसंग आहे जो सिनेमावाल्यांच्या कात्रीला हमखास बळी पडतो. मुलगा पॅरिसला पोचल्यावर हा म्हातारा नोकराला पैसे देऊन त्याच्या मागावर धाडतो, आणि वर सांगतो, तिथल्या लोकांकडे माझ्या मुलाची थोडी बदनामी कर. जुगार खेळतो म्हण, पितो म्हण. म्हणजे लोक "हो हो, आम्हीही पाहिलंय" म्हणून खरं ते ओकतील. सांगता सांगता मध्येच स्वतःच विसरतो आपण काय सांगत होतो ते. कथानकाच्या हिशेबात हा प्रसंग शून्य. पण मुलाला पुण्यात हॉस्टेलवर टाकून गावी परतलेल्या कुठल्याही बापाला विचारा, चारशे वर्षांपूर्वीच्या या म्हाताऱ्याने काय ओळखलं होतं ते. आज मोबाइलवर लोकेशन शेअर करून घेतात, एवढाच फरक. नोकराचे पैसे वाचले.

केनेथ ब्रानाने १९९६ साली हा प्रसंग ठेवला. ब्रानाने सगळंच ठेवलं. दोनशे बेचाळीस मिनिटं, एक ओळ गाळलेली नाही. राजवाडा ब्लेनहिमचा, काळ एकोणिसाव्या शतकातला, बर्फ खोटं, दालनात चहूकडे आरसे. छोट्यातल्या छोट्या भूमिकेत नावाजलेला माणूस: कबर खणणारा बिली क्रिस्टल, तलवारबाजीचं आमंत्रण घेऊन येणारा रॉबिन विल्यम्स, मागावर धाडलेला नोकर जेरार दपारदिये. नाटक बघायचं की कोण कोण आलंय ते बघायचं, असं लग्नाच्या हॉलमध्ये होतं तसं होतं. पण खरी मौज पुढेच आहे. या सिनेमाला ऑस्करचं नामांकन मिळालं ते उत्कृष्ट रूपांतरित पटकथेसाठी! ज्या माणसाने मूळ संहितेला धक्का लावायचा नाही अशी शपथ घेतली, त्याचं कौतुक रूपांतराबद्दल. आमच्या जमातीची मान त्या वर्षी बराच काळ तिरकी राहिली.

वाचणाऱ्याचा आणि बघणाऱ्याचा खरा तंटा कापाकापीवरून नसतोच. तो असतो निकालावरून. नाटककाराने जागोजागी प्रश्न लोंबकळत ठेवलेत. राणीला नवऱ्याचा खून माहीत होता का? राजा पडद्याआडून ऐकतोय हे हॅम्लेटला कळलेलं असतं का? विषाचा पेला राणी अनवधानाने पिते की समजून? वाचताना या प्रश्नांचं उत्तर मी दर वेळी वेगळं देतो; सोमवारी राणी निर्दोष, गुरुवारी सामील. सिनेमाला ही चैन परवडत नाही. कॅमेरा राणीच्या चेहऱ्यावर नेला की त्या नटीला काहीतरी ठरवावंच लागतं. ऑलिव्हिएच्या १९४८च्या सिनेमात राणी पेल्याकडे अशी बघते की झालं, खटला निकाली. पुन्हा पुस्तक उघडलं तरी ती नजर जात नाही. निकाल लागलेल्या केसमध्ये अपील नाही.

हॅम्लेटच्या वयाचंही तेच. पठ्ठ्या विटेनबर्गच्या विद्यापीठात शिकतोय हे सुरुवातीलाच कळतं. आपण मनात विशीतला पोरगा उभा करतो. पाचव्या अंकात कबर खणणारा सहज बोलता बोलता हिशेब मांडतो, की राजपुत्र जन्मला त्या दिवसापासून मी हे काम करतोय, तीस वर्षं झाली. म्हणजे घ्या! तिशी गाठली आणि अजून विद्यार्थी. यावर इंग्रज टीकाकारांनी किती शाई खर्ची घातली असेल! सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत चौकशी केली असती तर तिथल्या पोरांनी मान वर न करता विचारलं असतं, "कितवा अटेम्प्ट?"

त्याहून अवघड जागा पुढे आहे. शेवटच्या तलवारबाजीत मुलगा धापा टाकायला लागतो तेव्हा त्याची आई भर दरबारात म्हणते की हा लठ्ठ आहे, दम लागलाय त्याला. संपादक घाईघाईने खाली टीप देतात की इथे लठ्ठचा अर्थ घामाघूम असा घ्यावा. असेलही. पण आजवरच्या कुठल्या निर्मात्याने ती ओळ मनावर घेऊन पोट सुटलेला हॅम्लेट उभा केलाय? ऑलिव्हिए, ब्राना, मेल गिब्सन, ईथन हॉक, आपला शाहिद कपूर, सगळे सडपातळ. माझ्या डोक्यातला हॅम्लेट मात्र त्या ओळीनंतर शर्टाची खालची दोन बटणं ताणलेला झाला आहे आणि तसाच राहिला आहे. दिवसभर विचार करत बसणाऱ्या, न ठरवणाऱ्या, रात्री जागणाऱ्या तिशीतल्या माणसाचं दुसरं काय होणार?

आयांचं तर विचारूच नका. ऑलिव्हिएच्या सिनेमात राणी झालेली आयलीन हर्ली ऑलिव्हिएपेक्षा अकरा वर्षांनी लहान होती. मुलगा चाळिशीचा आणि आई तिशीच्या आतली. ग्लेन क्लोज मेल गिब्सनपेक्षा मोठी, पण नऊच वर्षांनी. 'मदर इंडिया' पाहिलेल्या आपल्या प्रेक्षकाला याचं काही वाटायला नको म्हणा. आमच्याकडे असाच एक 'हॅम्लेट' लागला होता तेव्हा आई भाजी निवडत बसली होती. तिने चष्म्यावरून एकदा पाहिलं आणि विचारलं, "ही याची बहीण का?"

"आई आहे त्याची."

"असेल बापडी. मग हा असा का तोंड पाडून बसलाय?"

मी थोडक्यात सांगितलं: वडील वारले, आणि आईने लगेच काकाशी लग्न केलं.

"लगेच म्हणजे किती दिवसांनी?"

"दोन महिनेसुद्धा झाले नव्हते."

"मग वर्षाच्या आतच केलं की! नाहीतर तीन वर्षं थांबावं लागतं. बरोबरच आहे तिचं."

चारशे वर्षांच्या शेक्सपिअर-समीक्षेत गर्ट्रूडच्या, म्हणजे या राणीच्या, बाजूने हा मुद्दा कुणी मांडल्याचं माझ्या वाचनात नाही. मी गप्प झालो. पण राजपुत्राची बाजू अगदीच पडते आहे असं वाटून मी त्याचा तो कडवट विनोदही सांगितला, की मयताच्या जेवणातलं उरलेलंच लग्नाच्या पंगतीला थंड वाढलं. आईची मेथी हातातच राहिली.

"शिळं वाढलं? लग्नात?"

राणीचा पक्ष तिथेच संपला. पुनर्विवाहाला आईची हरकत नव्हती. तेराव्याचं अन्न मांडवात आणणं मात्र अक्षम्य होतं. सिनेमाच्या शेवटी ती बाई विष पिऊन पडली तेव्हा आईने नुसतं "हं" केलं.

नाटकाचं आधुनिकीकरण हा वेगळाच उद्योग. २००० साली मायकेल आल्मरेडाने हॅम्लेटला न्यूयॉर्कला नेलं. डेन्मार्क हा देश उरलाच नाही, ती एक कंपनी झाली. बापाचं भूत इमारतीच्या सुरक्षा कॅमेऱ्यात दिसतं आणि कॉरिडॉरमधल्या पेप्सीच्या यंत्रात शिरून नाहीसं होतं. इंग्लंडच्या राजाला लिहिलेलं ते पत्र, ज्यात हॅम्लेटला ठार मारा असा हुकूम असतो आणि हॅम्लेट तो बदलून आपल्या दोन मित्रांची नावं घालतो, ते इथे लॅपटॉपवरची फाईल. आणि जगण्यामरण्याचं ते जगप्रसिद्ध स्वगत ईथन हॉक म्हणतो कुठे, तर ब्लॉकबस्टर या व्हिडिओ कॅसेटच्या दुकानात, 'ॲक्शन' अशी पाटी लावलेल्या कपाटांमधून फिरताना. ज्या माणसाच्या हातून काहीच होत नाही त्याला ॲक्शनच्या बोळात फिरवायचं, ही कल्पना झकासच होती. पण २०१० साली ब्लॉकबस्टरने दिवाळखोरी जाहीर केली आणि पुढे दुकानं बंद पडत गेली. आज कॉलेजातल्या मुलाला हा प्रसंग दाखवायचा तर टीप द्यावी लागते: कॅसेट म्हणजे काय, ती भाड्याने का आणायची, परत का करायची. माझ्या पुस्तकाची सहा इंची टीप इथे येऊन बसली. एल्सिनोरचा तट चारशे वर्षं कळतोय. चकाचक आधुनिक केलेलं दुकान पंधरा वर्षांत समजेनासं झालं.

पण कधी कधी सिनेमावाले असं काही करतात की पुस्तकवाल्याने मान सरळ करावी. विशाल भारद्वाजच्या 'हैदर'मध्ये, २०१४ साली, नाटक १९९५च्या काश्मीरमध्ये गेलं. तिथे हॅम्लेटचा बाप डॉक्टर आहे आणि तो मेलाय की नाही हेच कुणाला सांगता येत नाही. लष्कराने नेलं, एवढंच माहीत. बायको अर्धी विधवा. आता भुताची गरजच काय? ज्या गावात माणसं नाहीशी होतात तिथे निरोप घेऊन येणारं कुणीही भूतच. बर्फातून, काळा चष्मा लावून, लंगडत इरफान खान येतो, आणि वाचताना ज्या पात्राकडे मी आजवर सिंधुदुर्गावरचा भाबडा चमत्कार म्हणून पाहिलं होतं ते एकाएकी फार खरं झालं. इथे विनोद सुचत नाही. त्याच सिनेमात हॅम्लेटच्या त्या दोन बिनचेहऱ्याच्या मित्रांची गाठ मात्र मजेशीर सोडवली आहे. रोझेनक्रान्झ कोण आणि गिल्डेनस्टर्न कोण, हे वाचणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही. नाटकातल्या राजाराणीलाही कळत असेल असं खात्रीने म्हणवत नाही. भारद्वाजने दोघांनाही सलमान करून टाकलं. दोन सलमान, सलमान खानचे भक्त, व्हिडिओचं दुकान चालवणारे. ऑलिव्हिएने या दोघांना सिनेमातून साफ हाकललं होतं. त्यांच्यावर टॉम स्टॉपर्डने १९६६ साली अख्खं नाटक रचलं आणि १९९० साली स्वतःच त्याचा सिनेमाही केला. उपेक्षितांचा वाली कुठेतरी निघतोच.

मराठीत हॅम्लेट आला तो बिनभाड्याच्या खोलीतून. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली आगरकर आणि टिळक डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस होते. त्या मुक्कामात आगरकरांनी हॅम्लेट मराठीत आणायला घेतला. 'विकारविलसित' हे त्याचं पुस्तक १८८३ साली निघालं. नाटकात राजपुत्र आपल्या मित्रांना सांगतो की डेन्मार्क म्हणजे तुरुंग आहे. हे वाक्य लिहिताना संदर्भासाठी आगरकरांना मान वर करून पाहिलं तरी पुरे होतं. हे भाषांतर उचललं शाहूनगरवासी मंडळीने आणि हॅम्लेट झाले गणपतराव जोशी. प्रेक्षक आले ते आगरकरांच्या भाषेसाठी नाही, गणपतरावांसाठी आले. त्या काळातला 'मूळ वाचा हो'वालाही तेव्हा शेजारच्या खुर्चीवर मान तिरकी करून बसला असेलच. गणपतराव १९२२ साली गेले. तो हॅम्लेट डोळ्यांनी पाहिलेलं आता कुणी उरलेलं नाही, पुस्तक तेवढं ग्रंथालयात आहे. नंतर नाना जोगांनी भाषांतर केलं, आणि ते २०१८ साली चंद्रकांत कुलकर्णींनी सुमीत राघवनला घेऊन उभं केलं तेव्हा पुन्हा बोर्ड हाऊसफुल्ल लागले. छापील नाटकाचं नशीब हे असं असतं: कपाटात पडून राहायचं आणि कुणीतरी अंगात घालून बाहेर काढेल याची वाट बघायची.

वाचणाऱ्याच्या बाजूने आणखी एक तक्रार नोंदवतो. या नाटकात एक खराखुरा सिनेमाचा प्रसंग आहे. हॅम्लेट इंग्लंडला जात असताना समुद्रात चाच्यांचं जहाज आडवं येतं, झटापट होते, आपला विचारवंत राजपुत्र एकटाच उडी मारून चाच्यांच्या जहाजावर जातो आणि त्यांच्याशीच दोस्ती करून परत येतो. शेक्सपिअरने हे दाखवलं कुठे, तर एका चिठ्ठीत. चार ओळींत उरकलं. ओफेलियाचं बुडणंही पडद्यामागे. राणी येऊन सविस्तर सांगते, झाडाची फांदी कशी मोडली, कपडे पाण्यावर कसे फुगले, ती गाणी कशी म्हणत होती. इतकं बारकाईने पाहिलं कुणी, आणि पाहिलं तर उडी का नाही मारली, असं विचारायचं नसतं. वाचताना ते सुचतही नाही, भाषाच तशी आहे. सिनेमात पाणी दिसतं, मुलगी दिसते, आणि हा प्रश्न लगेच डोकं वर काढतो. चाच्यांना मात्र तिथेही कुणी फारसं विचारत नाही. सारा बर्नारच्या सिनेमाला दोन मिनिटं आणखी मिळाली असती तर कदाचित काही झालं असतं.

परवा भाचा सुट्टीला आला होता, इयत्ता पाचवी. माझ्या हातातलं पुस्तक पाहून त्याने गोष्ट विचारली. मी सुरुवात केली: एक राजा असतो, त्याचा भाऊ त्याला मारतो, गादी बळकावतो, राजपुत्राला भूत दिसतं...

"मामा, हे तर 'लायन किंग' आहे!"

आहेच. १९९४ साली डिस्नेने हे सगळं आफ्रिकेतल्या सिंहांवर घातलं, आणि मधली तीन तासांची घालमेल गाण्यांवर उरकली.

"म्हणजे शेवटी सिंबा राजा होतो ना?"

"नाही. सिंबा मरतो. त्याची आई मरते, स्कारही मरतो. मग फोर्टिनब्रास येतो आणि तो राजा होतो."

"हा कोण?"

"नॉर्वेचा राजपुत्र."

"इतका वेळ कुठे होता?"

"पोलंडला. जमिनीचा एक तुकडा जिंकायला. त्याचं कुणी पाच रुपये भाडंही दिलं नसतं, असा तुकडा."

भाच्याने थोडा विचार केला. "मग सिनेमातून काढलं ते बरंच केलं."

ऑलिव्हिएलाही हेच वाटलं होतं, त्यामुळे मला फार ताणता येईना.

"आणि पुम्बा कोण आहे यात? टिमोन आणि पुम्बा?"

मी पानं उलटून दाखवलं. रोझेनक्रान्झ आणि गिल्डेनस्टर्न.

"त्यांचं काय होतं?"

"मारतात त्यांना. इंग्लंडमध्ये. सिंबाच पत्रात त्यांची नावं घालतो."

"पुम्बाचं नाव? सिंबा?"

"हो."

"दाखव कुठे मारतात."

दाखवण्यासारखं काही नव्हतं. शेवटच्या पानावर इंग्लंडहून वकील येतो आणि काम झालं म्हणून कळवतो, एवढंच. त्या एका ओळीवर मी बोट ठेवलं. भाचा माझ्याकडे अशा नजरेने बघायला लागला, की ते पत्र जणू मीच बदललं होतं.